कच्ची वही

लावण्या म्याकलने पाटीवरची राखाडी अक्षरं तिसऱ्यांदा खोडली, तेव्हा पेनाचं टोक वाकलं.

मी तिच्या बाकामागेच उभी होते. तिसरीचा वर्ग, बत्तीस मुलं, बुधवारची वाचन-चाचणी. गोष्ट होती एका बंडूची. गावात पाच दिवसांनी नळाला पाणी येतं. रांगेत बंडूचा नंबर लागतो, तेवढ्यात एक म्हातारी येते. बंडू आपला नंबर तिला देतो. तिची घागर भरते आणि पाणी जातं. बंडू रिकाम्या घागरीनं घरी जातो, आई त्याला पोटाशी धरते. संपलं. खाली प्रश्न: गोष्ट वाचून तुला काय वाटलं?

एकतीस पाट्यांवर थोड्या फरकानं एकच वाक्य होतं. "या गोष्टीतून मला समजले की, आपली घागर रिकामी राहिली तरी दुसऱ्याला मदत केल्याने मन भरून येते." आठ वर्षांच्या पोराच्या हातून इतकं गुळगुळीत वाक्य उतरलं की समजून जावं, ते त्याचं नाही.

लावण्याच्या पाटीवर खोडाखोडीच्या खाली तिचं मोडकं अक्षर होतं. "मला आजीचा राग आला. तिने आरधी घागर का नाही दिली. बंडूच्या आईने काय शिजवले."

पाटीनं लगेच गुण दिले. शंभरपैकी अकरा. शेरा: असंबद्ध.

"अक्षरं का खोडालीस गं?" मी विचारलं.

"मधीच येतात, बाई. मी इचार करालते तवर येतात."

सलग नापास व्हायची ही तिची दुसरी वेळ. आधीच्या चाचणीत नऊ पडले होते. सलग तीन चाचण्यांत पस्तिसाच्या खाली गेलेलं मूल आधार वर्गात जातं. तिसरी चाचणी पुढच्या शुक्रवारी होती. आधार वर्गात राखाडी अक्षरं मुलाची वाट बघत नाहीत. अख्खं उत्तर आधीच पाटीवर असतं, मुलानं फक्त गिरवायचं. गिरवलं की गुण वाढतात. आधार काढला की गुण पडतात, मग पुन्हा आधार. गेलेलं मूल परत आलेलं मी पाहिलेलं नाही.

आता ही पाटी काय करते ते सांगते, कारण पालकसभेत ते कुणी सांगत नाही. तिथं नुसते फुगे लावतात.

सोबती पाटीच्या वरच्या कडेला मसुराएवढा कॅमेरा असतो. मूल वाचत असताना तो सेकंदाला साठ वेळा त्याच्या डोळ्यांचं चित्र घेतो. आपली नजर ओळीवरून सरळ सरकत नाही. ती उड्या मारते, एका शब्दावर थांबते, कधी मागच्या ओळीवर जाऊन येते. जिथं मन गुंततं तिथं बाहुली केसभर मोठी होते. एवढ्यावरून पाटी ताडते की हे मूल कुठं चमकलं, कुठं अडलं. मग ते लिहायला बसतं. पेनाच्या टोकाला दाब मोजणारा काटा असतो. दाब सुटला आणि चार सेकंद गेले, की पाटी समजते, मूल अडकलं. मग ती तिच्या पोटातली हजारो उत्तरं चाळते. अशी नजर असलेल्या, एवढ्याच वयाच्या मुलांनी इथं पुढं काय लिहिलं होतं? त्यातलं सगळ्यात जास्त वेळा आलेलं वाक्य ती राखाडी रंगात पुढं मांडते. मुलानं वरून पेन फिरवलं की ते निळं होतं, आणि मुलाच्या नावावर जमा होतं.

यात कसली जादू नाही, लबाडीही नाही. सरासरी आहे. पण मूल ज्या चार सेकंदांत खरोखर विचार करणार असतं, नेमक्या त्याच चार सेकंदांनंतर ही सरासरी येऊन त्याच्या मांडीवर बसते.

आम्ही शिक्षक खूश झालो होतो. खोटं कशाला बोलू? तपासायच्या वह्या गेल्या. शाळेला तीन तारे मिळाले. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात निम्म्या घरांत तेलुगू बोलतात, पोरांना मराठी लिहिताना घाम फुटतो. ती पोरं नव्वद गुण घ्यायला लागली. मुख्याध्यापक बिराजदार सरांनी दारावर फलक लावला. मी पेढे खाल्ले.

* * *

दुसऱ्या दिवशी नरसिंग बोल्ली आला. सोबती बनवणाऱ्या कंपनीतला मराठी पाटीचा मुख्य माणूस. त्याआधी तो माझा विद्यार्थी, तिसरी-चौथीचा. आला की अजून वाकून नमस्कार करतो.

"बाई, गुडघा कसा आहे?"

"गुडघा राहू दे. लावण्या म्याकलचं काय करणार आहेस?"

त्यानं त्याचा टॅब माझ्यासमोर ठेवला. "तिचं सोडा, आधी हे बघा. जूनमध्ये तुमच्या वर्गाची नजर शंभर शब्दांमागं चोवीस वेळा मागं वळत होती. आता तीन वेळा. मोठ्या माणसापेक्षा सरळ वाचतात पोरं!"

"लावण्याची?"

"एकतीस." त्यानं तोंड वाकडं केलं. "फार अडखळते."

मी त्या आकड्याकडे बघत राहिले. अठ्ठावीस वर्षं पोरांना वाचताना बघितलंय मी. पोर मागच्या ओळीवर कधी जातं? पुढचं पटलं नाही की. म्हातारीनं घागर भरली, पाणी गेलं... थांब, मग बंडूचं काय? असं झालं की नजर मागं जाते. मोठी माणसंसुद्धा पत्रात काही खुपलं की मागं जातात.

"नरसिंग, तीन वेळा म्हणजे पोरं सरळ वाचत नाहीत. वाचतच नाहीत. उत्तर येणारच आहे हे कळल्यावर वाचायचं कशाला?"

"मग इतकी चांगली उत्तरं कुठून येतात?"

"तुझी आहेत ती."

तो हसला. मनापासून हसला, म्हणून जास्त लागलं. "माझी कुठली, बाई? तुमची आहेत."

आणि त्यानं आठवण करून दिली. सहा वर्षांपूर्वी तो टेम्पो घेऊन शाळेत आला होता. मराठी लहान मुलांनी वाचून लिहिलेलं त्याला हवं होतं, आणि एवढ्या लहान पोरांच्या वह्या कुणी जपलेल्या नव्हत्या. मी जपल्या होत्या. एकवीस वर्षांच्या, कपाटभर, कव्हरं घातलेल्या. मोठ्या अभिमानानं दिल्या होत्या मी त्या.

पण कुठल्या? पक्क्या.

आमच्याकडे प्रत्येक पोराच्या दोन वह्या असत. कच्च्या वहीत पोर मनानं लिहायचं. मी लाल पेनानं दुरुस्त करायची. मग ते दुरुस्त केलेलं सुवाच्य अक्षरात पक्क्या वहीत उतरवायचं. तपासणीला साहेब आले की पक्की वही दाखवायची. वर्षाअखेर कच्च्या वह्या रद्दीत जायच्या, त्यांत कुणाची तरी भजी बांधली जायची. राज्यातल्या सगळ्या शाळा अशाच चालत आल्या, मी काही वेगळी नव्हते. फक्त जरा जास्त मेहनती होते.

म्हणजे यंत्र पोरांकडून काही शिकलंच नव्हतं. पोरांच्या अक्षरातली वाघमोडे बाई ते शिकलं होतं. 'मला समजले की', 'यातून मला बोध मिळाला की' हे सगळं माझं. आठ वर्षांची पोरं बोध मिळवत हिंडत नाहीत.

"तुमचं नाव प्रत्येक पाटीच्या पहिल्या पानावर उगाच नाही, बाई," नरसिंग म्हणाला. "आणि मी स्वतः साक्षी आहे ना. तिसरीत लोहाराची गोष्ट होती, आठवते? लोहार राबतो, मुलगा दिवसा झोपतो. मी कच्च्या वहीत लिहिलं होतं, मुलगा आळशी नाही, त्याला दम लागत असेल."

"असं का लिहिलंस?"

"आमचे वडील यंत्रमागावर रातपाळी करायचे ना. कापसाची धूळ छातीत. सकाळी आले की झोपायचे आणि गल्ली त्यांना आळशी म्हणायची. तुम्ही ते खोडलंत. वर लिहिलंत, 'कष्टाचे फळ गोड असते.' मी ते पक्क्या वहीत उतरवलं आणि घरी जाऊन वडिलांना वाचून दाखवलं."

"काय म्हणाले?"

"काही नाही. छान म्हणाले." तो टॅबवर बोट फिरवत राहिला. "बरंच केलंत. नाही तर मी तसलंच काहीतरी लिहीत बसलो असतो."

त्याचे वडील आता नाहीत. ज्या पोरानं बापाची बाजू घेतली होती, त्याच पोराच्या तोंडून मी बापाला कष्टाची शिकवण ऐकवली होती. आणि पोरगा मला धन्यवाद देत होता.

"मी चुकले, नरसिंग."

"काहीतरीच काय, बाई."

"चुकले म्हणते ना. तू माझा मान राखू नकोस, ऐक. लावण्याचं उत्तर बरोबर आहे. अकराचे ऐंशी कर."

"मी कशाला? तुम्हीच करू शकता. पाटी तुमच्या वह्यांवर शिकली, म्हणून तुमच्या गुणांना सगळ्यात जास्त वजन आहे. पण पुढं काय होईल ते सांगतो." तो शांतपणे सांगत होता, जसं त्याला मी भागाकार सांगायची. "पाटी शिकेल की आजीचा राग येणं हे चांगलं उत्तर. सोमवारपासून दहा लाख पोरांना राखाडी अक्षरात आजीचा राग येईल. तीही गिरवतील. तिच्या ताटात तुम्ही जे घालाल, ते ती सगळ्यांना वाढेल."

पोरगा हुशार आहे. चांगलं उत्तर घालून काही होणार नव्हतं. उत्तर येणंच थांबायला हवं होतं.

"मग अक्षरं बंद कर."

"माझ्या हातात नाही."

"कुणाच्या हातात आहे?"

तो चिडला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "शाळेच्या करारात कलम नऊ आहे. पालकानं लेखी मागितलं तर त्या मुलाची अक्षरं बंद होतात. मूल कागदावर लिहितं, शिक्षक हातानं तपासतो, तीन चाचण्यांचा नियम लागत नाही. आजवर एकाही पालकानं मागितलेलं नाही, कारण मागितलं की शाळेचे तारे जातात, म्हणून शाळा त्यांना सांगतच नाहीत. आणि तुमचं नाव पाटीवरून काढावं लागेल, बाई. मला लोक विचारतील, जिच्या वह्यांवर हे उभं आहे तीच बाई उलटली कशी?"

"सांग की, बाईंनी एकवीस वर्षं एकच चूक केली."

"मी नाही सांगणार असलं," तो म्हणाला आणि टॅब उचलून निघून गेला. नमस्कार न करता.

* * *

लावण्याची आई पद्मा घरी टॉवेलच्या कडा शिवते. दारात गठ्ठे, आत मशीन, मशीनवर ती. मला बघून तिनं पाय थांबवला नाही.

"मला ठाऊक हाय बाई तुम्ही का आलाव. मारलं की तिला काल."

"मारू नका हो."

"मग काय करू? दिसालंय ते गिरव म्हणलं तर गिरवीना. शेजारची पोरगी नव्वद आणतीय. ही अकरा!" मशीन खडखडत होतं. "मला चौथीतनं काढलं, बाई. घरात तेलुगू, शाळेत मराठी. 'ढ' म्हणायच्या बाई. तुम्ही नव्हं, दुसऱ्या होत्या. आता ही बी गेली त्या आधारात, तर गल्लीत तेच नाव हिला."

मी बाजूला गठ्ठ्यावर बसले. कलम नऊ वगैरे काही काढलं नाही. म्हटलं, "चाचणीत गोष्ट कुठली होती ते तरी ऐका," आणि बंडूची गोष्ट सांगितली. नळ, रांग, म्हातारी, घागर. पद्मा शिवता शिवता ऐकत होती. पाणी गेलं म्हटल्यावर मशीन थांबलं.

"गेलं? मग त्याच्या आयनं शिजवलं काय?"

माझा हात पिशवीकडे गेला.

"नाही, खरंच विचारालते. पाच दिवसांचं पाणी ते. पोटाशी धरून पोट भरतंय व्हय? आणि ती म्हातारी काय बाई म्हणायची! आमच्या गल्लीत असं कुणी केलं तर अर्धी घागर ओतून देतात. नाहीतर बोलणी खाईल की."

मग मी पिशवीतून कागद काढला. लावण्याचं उत्तर मी उतरवून घेतलं होतं, चुकांसकट. पद्माला अक्षरं लावत वाचायला वेळ लागला. ती दोनदा मागच्या ओळीवर गेली.

"हे माझ्या लेकीनं लिहिलं?"

"तिनंच."

"मी काही बोलले नव्हते हां तिच्याशी. आईची शपथ."

"माहीत आहे."

"आणि ह्याला अकरा दिले?"

"अकरा."

तिनं कागद मांडीवर ठेवला. टॉवेलचा एक सुटलेला धागा दातानं तोडला. मग म्हणाली, "ती 'ढ' न्हाई, बाई."

"तुम्हीही नव्हता."

तेव्हा तिला कलम नऊ सांगितलं. सगळं सांगितलं, शाळेचे तारे जातील, लावण्याला नव्वद कधीच पडणार नाहीत, लिहायला वेळ लागेल, सुरुवातीला रडेल. तिनं एकच विचारलं. "तुम्ही बसणार का तिच्याजवळ?"

"रोज."

"आणा तो अर्जाचा कागद, सही करते. पण बाई, पुढं हिचं काही वाईट झालं तर मी तुमच्या दारात येऊन बसेन. सांगून ठेवते."

"या."

आठवड्याभरात एकोणीस सह्या झाल्या. सात मी आणल्या. बारा पद्मानं, टॉवेलचे गठ्ठे पोचवता पोचवता, प्रत्येक दारात बंडूची गोष्ट सांगत. तेरा घरांनी नकार दिला. एका बापानं मला तोंडावर सांगितलं, "तुमच्या प्रयोगाला आमचंच पोर बरं सापडलं." त्याचा राग मला खोटा वाटला नाही.

बिराजदार सर म्हणाले, "वाघमोडे बाई, निवृत्तीला नऊ वर्षं आहेत तुमची. शांतपणे घालवा की."

"नऊ वर्षांत दोनशेवर पोरं होतात, सर."

* * *

शुक्रवारी नरसिंग आला. कलम नऊची चाचणी कंपनीच्या माणसासमोर घ्यावी लागते. तो मागच्या बाकावर बसला, माझ्याकडे न बघता.

तेरा पोरांपुढे पाट्या, एकोणिसांपुढे छापील गोष्ट, कोरा कागद आणि पेन्सिल. गोष्ट नवी होती. मीनाला शर्यतीत सायकल बक्षीस मिळते, ती धाकट्या भावाला देऊन टाकते, सगळे टाळ्या वाजवतात.

दहा मिनिटांत तेरा पाट्या निळ्या झाल्या. एकोणीस पेन्सिली हवेत थांबलेल्या होत्या.

पोरं कागदाकडे बघत होती. लिहीत नव्हती, वाट बघत होती. एकीनं कागदावर बोटानं टकटक केलं. एक पोरगा रडायला लागला, मुकाट, नाक ओढत. दारातून बिराजदार सरांनी खूण केली. मी जवळ गेले.

"बाई, एक वाक्य तरी फळ्यावर लिहा. सुरुवात करून द्या."

"नाही."

"अहो, पोरं हैराण झालीत."

"होऊ देत. मीच हैराण केलीत ती, मीच निस्तरते."

मी मल्लिनाथ हिरेमठच्या शेजारी जाऊन बसले. वर्गात पहिला. सतत शहाण्णव. त्याच्या आजीनं सही केली होती, का ते मला कळलं नव्हतं.

"बाई, अक्षरं येईनात," तो कुजबुजला.

"येणार नाहीत. तू काय वाचलंस ते मला सांग."

"मी वाचलं न्हाई."

"का रे?"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी काहीतरी खुळचट विचारलं. "वाचायला लागतंय व्हय?"

मागं नरसिंगची मान वर झाली.

"आज लागतंय," मी म्हटलं. "वाच. मी इथंच आहे."

तो वाचायला लागला. ओठ हलवत, बोट ठेवत. मी त्याच्या डोळ्यांकडे बघत होते. सरळ, सरळ, सरळ. मग सायकल दिली तिथं नजर थांबली. पुढं गेली. मागं आली. पुन्हा मागं आली. मला 'काय झालं?' विचारायचा मोह झाला. जीभ चावून बसले. चार सेकंद केव्हाच गेले होते, मिनिट गेलं असेल.

"बाई, भावानं मागितलीच नव्हती की सायकल."

"असं?"

"कुठंच लिहिलं न्हाई. मग हिनं का दिली? सगळे बघालते म्हणून?"

"मला काय माहीत. तुला काय वाटतं?"

त्यानं पेन्सिल टेकवली. अक्षर गिचमिड. शहाण्णववाल्याला स्वतःचं 'क' धड येत नव्हतं. पण लिहीत होता, आणि डाव्या हातानं कागद झाकत होता, कुणी बघू नये म्हणून.

तास संपेपर्यंत अकरा पोरांनी काही ना काही लिहिलं. पाच जणांनी नुसतं नाव. तिघांनी कागद कोरा दिला. मी एकालाही हात लावला नाही. नरसिंग पुढं आला. समोर नोंदवही उघडली.

"प्रत्येकाचा शेरा कारणासह लिहावा लागेल, बाई. कलमात आहे. कोऱ्या कागदाचासुद्धा." त्याचा आवाज कोरडा होता.

"लिहिते की. बस."

पहिला कागद लावण्याचा होता. "मीना खोटं हसली आसेल. मी आसते तर सायकल दिली नसती. एक फेरी दिली आसती. मंग मीनाला पण राग आला आसेल पण तिला कोणी इचारले नाही."

मी नोंदवहीत लिहिलं, 'ही मुलगी गोष्टीशी भांडली आहे. वाचल्याशिवाय भांडता येत नाही. आधार वर्गाची गरज नाही.' खाली सही केली.

नरसिंगनं ते वाचलं. मग लावण्याचा कागद उचलून वाचला, एकदा, आणि पुन्हा वरून. मी काही सुचवलं नाही.

"याची प्रत काढून पाटीत घालायची नाही," मी म्हटलं.

"नाही घालणार," तो म्हणाला. कागद माझ्याकडे परत दिला आणि माझ्या शेजारची लहान मुलांची खुर्ची ओढून, गुडघे वर घेऊन बसला. "पुढचा कोणाचा?"

"मल्लिनाथचा. अक्षर लागायला वेळ लागेल."

"बसलोय ना, बाई," तो म्हणाला.

अजून अठरा राहिले होते.